बिनकाचेचा डोंगर

माझ्या भावाने मला डोंगर फोनवर पाठवला. मी तेव्हा पानिपतच्या एका गोदामात पडद्याच्या कापडावरून व्यापाऱ्याशी भांडत होतो. फोन वाजला म्हणून बघितलं, तर फॅमिली ग्रुपवर आमच्या घरातला जुना फोटो. खाली दादाने लिहिलं होतं, 'आता सगळ्यांकडे आला. वाद संपला.'

वाद संपला म्हणे! माझ्या चेहऱ्याकडे बघून समोरच्या व्यापाऱ्याने आपणहून भाव उतरवला. त्याला वाटलं, मी त्याच्यावर भडकलोय.

वाद काय होता ते सांगतो, कारण नातेवाइकांपैकी कुणी माझी बाजू नीट ऐकून घेतलेली नाही. आमचे वडील, आबा, फौजेत शिपाई होते. ते गेले तेव्हा मागे भांडण्यासारखं फारसं नव्हतंच. जे होतं ते मी न बोलता दादाला सोडलं. मागितला फक्त एक फोटो. वितभर उंच, दोन विती रुंद, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात माणूस एकही नाही. एक डोंगर, त्याची खाली उतरत आलेली सोंड, पायथ्याशी नदीचं वळण, भाताची खाचरं आणि झाडीत विखुरलेली थोडी छपरं. हे आमचं साताऱ्याकडचं गाव. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे, डोंगराचा माथा तेवढा वर उरलाय. मी गाव पाहिलेलंच नाही. माझा जन्म दिल्लीच्या छावणीतला, आणि मला कळायला लागायच्या आत तिथे पाणी चढलं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो त्या गावात जन्मला, त्या नदीत पोहायला शिकला. पुढे आबांना दोघांच्या कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा दादा शिकला आणि मला दहावीनंतर पानिपतच्या मागांवर पाठवलं. त्याला गाव मिळालं, कॉलेज मिळालं, केंद्र सरकारची नोकरी मिळाली. मला पानिपत मिळालं. तिथे मी सुताच्या गाठोड्यांवर झोपून धंदा शिकलो. 'मराठे फिर आ गए? इस बार क्या हारोगे?' हा तिथला विनोद इतक्या वेळा ऐकला की त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: 'इस बार आप हारोगे, भाव बोलो.' आज गाझियाबादेत माझं स्वतःचं दुकान आहे, हॉटेलांना आणि गेस्ट हाऊसना पडदे-चादरी पुरवतो. हे मी कुणाच्या ओळखीवर केलेलं नाही. म्हणून आयुष्यात एकदा, एकच वस्तू मागितली, तर ती मिळायला हवी होती, असं माझं म्हणणं.

दादाचं म्हणणं, "आबा माझ्याकडे राहायचे, फोटो माझ्या भिंतीवर आहे. तिथेच राहू दे. तुला फोटोच हवा ना? स्कॅन करून देतो. चीज तीच आहे, यार."

चीज तीच आहे का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घुसला. मी कापडवाला माणूस. 'चीज तीच आहे' असं कुणी म्हटलं की मी खिशातून भिंग काढतो. इंचात धागे किती बसतात ते बघायचं छोटं भिंग असतं, ते कायम माझ्या खिशात असतं. पण फोनवरच्या डोंगराला भिंग लावून काय बघणार? तांबडे-हिरवे-निळे चौकोन दिसले. मग बिनभिंगाचा बघायला लागलो. चहा पिताना बघितला, ट्रॅफिकमध्ये अडकलो की बघितला. फोटो स्वच्छ होता, डाग नाही, चुरगळ नाही. तरी तो एका जागी टिकत नव्हता. बँकेचा मेसेज आला की डोंगर वर सरकायचा. कुणाच्या मुलीचा साखरपुडा झाला की तो आणखी वर, आणि दोन दिवसांनी त्याला शोधत गुलाबाची फुलं आणि सुप्रभात ओलांडत जावं लागायचं.

आणि एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. फोनवर डोंगरावर बोट ठेवता येत नाही. ठेवलं की तो सरकतो, नाहीतर अंगावर येतो.

हे मला का खटकलं, ते सांगण्यासाठी आबांचा रिवाज सांगायला हवा. आबांच्या बदल्या व्हायच्या, आम्ही क्वार्टर बदलायचो. दिल्ली, अंबाला, झाशी, पुन्हा दिल्ली. नव्या क्वार्टरमध्ये शिरलं की पहिला खिळा फोटोचा. ट्रंका उघडायच्या आधी, देव मांडायच्याही आधी. आई कुरकुरायची, "अहो, देवांना उभं ठेवलंय तुम्ही." आबा म्हणायचे, "देव फौजेतले आहेत, उभे राहतील." खिळा सुद्धा तोच. निघताना तो उपटून आबा शर्टाच्या खिशात टाकायचे. फोटो लागला की ते मला काखेत धरून उचलायचे आणि विचारायचे, "घर दाखव." मी बोट ठेवायचो. सोंडेच्या खाली, नदीच्या अलीकडे, तीन झाडांच्या मध्ये एक छप्पर होतं. ते आमचं घर. मग फक्त बदलीच्या दिवशी नाही, रोजच व्हायला लागलं. शाळेत जाताना बोट, परीक्षेला जाताना बोट. फ्रेमची काच गावाहून पहिल्यांदा दिल्लीला येतानाच रेल्वेत फुटली होती, ती आबांनी कधी बसवली नाही. त्यामुळे बोट थेट कागदावर. घासून घासून ते छप्पर निघून गेलं आणि तिथे शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका राहिला. मला आठवतं तेव्हापासून माझं घर म्हणजे तो पांढरा ठिपका.

तर, फोनवर बोट ठेवता येत नाही. ठीक आहे, म्हटलं, आपण कागदावर आणू. ग्रुपवरचा फोटो घेऊन दिल्लीत एका छपाईवाल्याकडे गेलो. तो लग्नांचे अल्बम करायचा, भिंतीएवढे प्रिंटही काढायचा. त्याने भाव सांगितला, मी उठून उभा राहिलो. त्याने बसवलं. मी कागदाचे नमुने मागवले, एकेकावर भिंग लावून बघायला लागलो.

"भाईसाहब," तो म्हणाला, "फोटो बनवानी है या सूट सिलवाना है?"

"दोन्हींत फसवतात," मी त्याला हिंदीत सांगितलं.

नमुन्यांवर भिंगाखाली शाईचे ठिपके दिसले, बारीक, सगळे सारखे, छापील चादरीसारखे. जुन्या फोटोत असं काही नव्हतं. लहानपणी मी तो इतक्या जवळून बघितलाय की माझा श्वास त्याला लागायचा. त्याच्यात काळा रंग वाळूसारखा विखुरलेला होता, कुठे दाट, कुठे विरळ. तरी मी सगळ्यांत जाड कागद निवडला, तीन फुटी करायला सांगितलं, सागवानी फ्रेम, वर काच. घासाघीस अशी केली की शेवटी त्याने हात जोडले. मला वाटलं, दादापेक्षा मोठा डोंगर माझ्याकडे. बसू दे त्याला त्याचा मळका तुकडा घेऊन.

घरी आणला, हॉलमध्ये लावला. बायको म्हणाली, "छान दिसतोय. हॉटेलात असतो तसा." तिने चांगल्या मनाने म्हटलं, पण मला ते कुसळासारखं टोचलं. मी हॉटेलांत पडदे मोजायला जातो तेव्हा तिथल्या भिंतींवरचे हिमालय रोज बघतो. लोक त्यांच्याखाली बसून फोनमधले हिमालय बघत असतात.

बायको स्वयंपाकघरात गेल्यावर मी उगीचच बोट ठेवलं. सोंडेच्या खाली, नदीच्या अलीकडे. काचेवर ठसा उमटला. आणि ठशाच्या खाली झाडी होती.

आधी वाटलं, जागा चुकली. तीन झाडं शोधली. तीन कुठली, तिथे सहा-सात झाडं गर्दी करून उभी होती. भिंग काढलं. आणि मग मला दिसलं ते फक्त कापडवाल्यालाच दिसलं असतं. छापील कापडात नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, तो रिपीट कुठे सुरू होतो ते शोधणं हे माझं रोजचं काम. त्या झाडीत रिपीट होता. डावीकडे वाकलेली तीच फांदी, तिच्या टोकाला तोच तुटका शेंडा, पुन्हा, आणि अर्ध्या बोटावर पुन्हा. खऱ्या रानात असं होत नाही. कुणीतरी खऱ्या झाडांचा तुकडा उचलून ठिपक्यावर ठिगळ लावलं होतं.

नोएडात राहणाऱ्या पुतण्याला, दादाच्या मुलाला, फोन केला; स्कॅन त्यानेच केला होता. तो सहज म्हणाला, "काका, अ‍ॅप आहे ना, डॅमेज असेल तर ऑटोमॅटिक भरून काढतं. एकदम क्लीन होतं. का, आवडला नाही?"

मी फोन ठेवून दिला. मुलावर ओरडण्यात अर्थ नव्हता. ज्याच्यावर ओरडायचं तो पुढच्याच महिन्यात निवृत्त होऊन, क्वार्टर सोडून पुण्याला निघाला होता, कायमचा. सामान बांधायला सुरुवात झाली होती. तो फोटो एकदा पुण्याच्या खोक्यात गेला की संपलं. आणि वहिनी नव्या फ्लॅटसाठी सगळं नवीन घेत होत्या, हे मला पक्कं माहीत होतं, कारण पडदे माझ्याचकडून गेले होते.

तेव्हा मी सौदा जुळवला. मोठा डोंगर द्यायचा, लहान घ्यायचा. झाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. विकणाऱ्याने मालातली खोट आपणहून दाखवावी, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

रविवारी सकाळी माल वाहायच्या टेंपोत फ्रेम आडवी टाकली, खाली गाद्या घातल्या आणि निघालो. दिल्लीतली हिंदूरावची टेकडी उतरलं की पलीकडे दादाचं क्वार्टर. लहानपणी आबांनी एकदा मला त्या टेकडीवर नेलं होतं आणि मी विचारलं होतं, हाच का आपला डोंगर? आबा इतके हसले होते की वाटेने जाणारे लोक थांबले.

वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, भावोजी! हे काय, घराचं दार उचलून आणलंत?"

आत खोकीच खोकी. दादा बनियनवर, हातात चिकटपट्टी. माझ्याकडे बघून म्हणाला, "न्यायला आलास की द्यायला?"

"द्यायला."

"मग काहीतरी घोळ आहे."

मी फ्रेमवर गुंडाळलेला कागद सोडला आणि फ्रेम भिंतीला टेकवून उभी केली. शेजारीच, खिळ्यावर, जुना फोटो होता. अजून उतरवलेला नव्हता. दोन डोंगर शेजारी शेजारी, एक बापाएवढा, एक पोराएवढा.

"सरळ सौदा आहे, दादा. हा तुला, तो मला. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर तो मळका तुकडा शोभणार नाही."

"बिल्कुल शोभणार नाही," वहिनी म्हणाल्या. "हात लावला की पापुद्रे निघतात त्याचे. हा किती झकास आहे! सोफ्याच्या वर लावू."

दादाने चष्मा लावला. पुढे झाला, मोठ्या डोंगराकडे बघत राहिला. माझी बोटं खिशातल्या भिंगावर घट्ट झाली.

"अच्छा," तो म्हणाला. "हे तर एकदम तेच आहे. उलट जास्त क्लिअर. घेऊन जा तो."

सौदा झाला. आता माल उचलायचा आणि तोंड बंद ठेवून बाहेर पडायचं. हा माझ्या धंद्यातला पहिला नियम आहे आणि तो मी कधीही मोडलेला नाही. पण 'एकदम तेच' हे शब्द माझ्या कानशिलात बसले.

"तेच?" मी म्हणालो. "काय तेच? बोट ठेव!"

"काय?"

"घरावर बोट ठेव! साठ वर्षांचा झालास ना? दाखव घर!"

"हळू बोल, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत! सरकारी शेजारी आहेत, महिन्याने बदलतील. बोट ठेव!"

दादाने माझ्याकडे बघत बघतच हात पुढे केला. फोटोकडे न बघता. बोट बरोबर त्या जागी गेलं. मग त्याने वळून बघितलं, बोट उचललं, काचेवरचा ठसा पुसला.

"झाडी आहे," तो म्हणाला.

"तुझ्या पोराने लावली. आबा असते तर..."

"त्याने नाही. मी सांगितलं होतं त्याला, तो डाग काढ म्हणून."

"डाग!"

दादा पुस्तकांच्या खोक्यावर बसला. चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवत राहिला. "ते आपलं घर नाही," तो म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"आपलं घर सोंडेच्या पलीकडे होतं. आबांच्या दोस्ताने जिथून फोटो काढला तिथून ते दिसतच नाही. मला माहीत आहे ना, मी राहिलोय तिथे. छावणीत आलो त्या पहिल्या दिवशी मी रडत होतो, घरी चला म्हणून. आबांनी फोटो लावला, मला उचललं आणि म्हणाले, हे काय घर, इथेच तर आहे. मी बघितलं. म्हटलं, हे कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर आहे. मनात म्हटलं. आबांचा चेहरा असा होता की बोललो नाही. बोट ठेवलं."

"आणि मला?"

"तू तर नंतर झालास. तुला ते दाखवायला लागले आणि तू असा खूश व्हायचास, रोज बोट ठेवायचास, की आता याला काय सांगणार? मग राहूनच गेलं."

"म्हणजे मी जन्मभर गोठ्याच्या पाया पडलो?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादाही हसला, मग थांबला. "गोठाच होता असंही नाही. नक्की आठवत नाही. छप्पर होतं एवढं खरं."

मला राग कुणावर काढावा ते कळेना. आबांवर काढता येत नव्हता. सहा वर्षांच्या पोरावर काढता येत नव्हता, आणि समोरचा साठ वर्षांचा माणूस तेव्हा सहा वर्षांचाच दिसत होता. मी त्या जुन्या फोटोजवळ गेलो. ठिपका तिथेच होता, पांढरा, कडा किंचित उललेल्या. माझं बोट त्याच्यावर आपोआप गेलं आणि कागद खरखरीत लागला. हे मला माहीत होतं आणि तरी मी ते विसरलो होतो.

"घेऊन जा," दादा म्हणाला. "सौदा वगैरे नको. मला तिथे डाग दिसतो, आबांनी ज्याला घर म्हणून माझी समजूत काढली त्या छपराचा. तुला घर दिसतं. तुझ्याकडेच राहू दे."

घासाघीस न करता हातात आलेली वस्तू मला खोटी वाटते. म्हणून म्हणालो, "खिळा पण दे."

"भोक पडेल भिंतीला," वहिनी म्हणाल्या.

"भिंत सरकारची आहे, वहिनी."

दादाने पक्कड शोधून खिळा उपटून दिला. मी तो शर्टाच्या खिशात टाकला. मोठा डोंगर तिथेच सोडला.

घरी येऊन तोच खिळा ठोकला आणि फोटो लावला. काच बसवली नाही. मग भिंग घेऊन ठिपक्यापाशी उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, जेवायला चला. आता आणखी काय शोधताय?" मलाही सांगता येईना. आतापर्यंत मी त्या जागी घर आहे हे धरून चाललो होतो, म्हणून तिथे काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. ठिपका निव्वळ कागद होता, धाग्या-धाग्यांचा, ताग्याच्या शेवटच्या टोकासारखा. पण त्याच्या वरच्या काठाला, जिथे बोटं पोचली नव्हती, एक बारीक काळी रेघ उरली होती. तिरकी. ती छपराची कड असेल, नाहीतर खाचराचा बांध. आणि तिच्या डाव्या टोकाला काहीतरी उभं. खांब? माणूस? या फोटोत माणूस नाही, असं मी आत्ताच वर लिहिलंय.

मी दादाला फोन लावला. चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता.

"ठिपक्याच्या काठाला एक रेघ आहे," मी म्हणालो.

"कसली रेघ?"

"तिरकी. गोठ्याला खांब होता का पुढे?"

पलीकडे चिकटपट्टी थांबली. "कुठल्या बाजूला खांब?"

"डाव्या."

मग तो म्हणाला, "गोठ्याला नव्हता. खांब वेगळ्याच घराला होता. थांब, मला बघू दे. फोटो काढून पाठव."

"नाही पाठवणार," मी म्हणालो. "इकडे ये आणि बघ."

"अरे, इतकं सामान पडलंय..."

"भिंग माझ्याकडे आहे. येताना वहिनींना पण आण."